अ‍ॅसिटोनला व्हायटॉन नको
अ‍ॅसिटोनच्या पंपासाठी थ्रीडी प्रिंटरवर टीपीयूची (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक) ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल सील, प्रिंट केली आणि दोन दिवसांत फुगली असं एकाने लिहिलंय, ते होणारच होतं, अ‍ॅसिटोन टीपीयूमध्ये शिरतं. पण त्यावर कुणीतरी व्हायटॉन (फ्लोरिनयुक्त रबर) सुचवलंय, ते कृपया करू नका! पेट्रोल, तेल यांना व्हायटॉन मस्त, पण अ‍ॅसिटोनमध्ये तेही फुगतं, तिथे ईपीडीएम (दुसऱ्या प्रकारचं रबर) लागतं, आणि ईपीडीएमला पेट्रोल-तेल अजिबात चालत नाही, म्हणजे बरोबर उलटं. त्यामुळे नुसतं केमिकल रेझिस्टंट म्हणून काही कळत नाही, कुठलं केमिकल ते आधी बघायचं.

आणि लेयरचं काय? फिलामेंटच्या, म्हणजे प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देत केलेल्या, प्रिंटवर थरांच्या मधे बारीक खाचा राहतात, मटेरियल कितीही भारी असलं तरी तिथून झिरपतं. मी सील प्रिंट करणं सोडूनच दिलंय, ती जिथे बसते तो भाग पॉलिप्रॉपिलीनमध्ये प्रिंट करतो आणि रिंग बाजारातली ईपीडीएमची घेतो, खोबण अशी ठेवायची की रिंग साधारण २० टक्के दाबली जाईल, तळ पॉलिश पेपरने नीट घासून घ्यायचा. पॉलिप्रॉपिलीन बेडवरून, म्हणजे प्रिंटरच्या ज्या पाटावर वस्तू बनते त्यावरून, फार सुटतं, बेडवर खोके बंद करायची साधी चिकटपट्टी लावा, ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचीच असते म्हणून प्रिंट धरून ठेवते.