मदत हवी आहे: बहीण आलीय, पण धड बोलतच नाही

डिचोलीचो_भाऊ: प्लीज लवकर सांगा. बहीण आठ दिवस आमच्याकडे आहे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, रात्री कडी तीनतीनदा बघते. वकिलाने सगळं तारखेवार लिहून आणा म्हटलंय आणि ही दरवेळी वेगळंच सांगते. काल मी ओरडलोच. बोलती कशी करू?

साखळीकर: आलीय म्हणजे नवऱ्याकडून का? मारहाण? मुलं? नीट लिवा हो.

भाटकार७: वडीलधाऱ्यांना देवळात बसवा. आमच्या वाड्यावर असंच मिटलं.

मोगरा: मिटलं की ती गप्प झाली?

डिचोलीचो_भाऊ: नवऱ्याकडूनच, अकरा वर्षं सोसलं तिने. सहा वर्षांचा मुलगा सोबत आहे. तो रोज आमच्या आईच्या मोबाईलवर फोन करतो.

साखळीकर: तो म्हणजे मुलगा??

डिचोलीचो_भाऊ: नवरा हो!

मोगरा: मग आईला सांगा फोन उचलू नका, पण मेसेज डिलीट करू नका. बहीण खोटं बोलत नाहीये. इतकी वर्षं भीतीत काढली की आवाज, वास पक्के राहतात, क्रम सुटतो. माझंही तसंच होतं. माझी वहिनी तारीख विचारायचीच नाही, मी भाजी चिरताना जे बोलेन ते वहीत लिहायची. मग गणेश चवथीच्या आधी का नंतर, मुलगा बालवाडीत होता का, इस्पितळाचे कागद, असं जुळवलं. आणि दार लावू का, दिवा ठेवू का, तिलाच विचारा.

नोटरी_नाना: आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळच्या 1867 च्या कायद्याने, लग्नाआधी करार नसेल तर मालमत्तेत तिचा अर्धा वाटा.

साखळीकर: वाटणी कोणी विचारली?

नोटरी_नाना: नवरा सह्या मागेल म्हणून सांगितलं. कसल्याच कागदावर सही नको. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याने त्या घरात राहायचा हक्कपण आहे. सरकारी मोफत वकिलासाठी बायकांना उत्पन्नाची अट नाही.

मोगरा: झोप नसेल तर बांबोळीला सरकारी इस्पितळात मानसोपचारच्या ओपीडीत न्या, ती हो म्हणाली तरच. नाहीतर 14416 या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर तिला घरूनच बोलता येईल.

भाटकार७: बांबोळी?? लोक काय म्हणतील!

साखळीकर: लोकांचं सोडा, पणजीला बस बदलायची म्हणजे अर्धा दिवस गेला.

डिचोलीचो_भाऊ: काल विचारलं, दार लावू? म्हणाली, असूं दे, कडी मी लावते. बाकी शब्द नाही. वकिलाने सोमवारी बोलावलंय, ते पुढे ढकलता येतं का, ते कोणीच सांगितलं नाही!