अनुभव धागा: मुलांना वजनं-मापं घरी कशी शिकवलीत?

मुलगा चौथीत आहे. 3 किलो 40 ग्रॅम म्हणजे किती ग्रॅम? तर बिनदिक्कत 340! किलो-हेक्टो-डेका पोपटासारखं पाठ, पण साबणाच्या वडीचं वजन विचारलं तर "दोन किलो?" इंदूरच्या आणि बाहेरच्याही मंडळींनी आपापले अनुभव लिहा. शिकवणी लावा एवढं सांगू नका, ती लावून झाली.

रामबागवाली
आमच्याकडेही हेच 340. कारण मला उशिरा कळलं. मुलं हिशेब रुपया-पैशात शिकतात, तिथे पैशाला दोनच घरं. किलोला 1000 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला तीन घरं. मी वहीत तीन खुर्च्या काढल्या. 40 दोन खुर्च्यांवर बसले, पहिली रिकामी, तिथे शून्य बसवायचं. 3040. दोन दिवस खुर्च्या काढल्या, मग लेकीनेच काढायच्या सोडल्या.

किराण्यातला
वडिलांचं दुकान होतं, माल सियागंजातून यायचा. सुट्टीत मला तराजूपाशी बसवत. षटकोनी लोखंडी वजनं: 50, 100, 200, 500. वडील विचारायचे, "एवढ्यातच 400 ग्रॅम साखर दे." मी सगळी वजनं एकाच पारड्यात टाकून बघायचो, जमायचं नाही. एके दिवशी त्यांनी 100 चं वजन उचलून साखरेच्याच पारड्यात ठेवलं, दुसरीकडे 500. मी नुसता बघत राहिलो! मग 450 मी स्वतः काढलं. वजाबाकी मला तिथे समजली, शाळेत नाही. शिवाय रिकामा काटा आधी मध्ये येतो का बघायचा, नाहीतर हलक्या पारड्याला पासंग, म्हणजे बरोबरीपुरतं छोटं वजन, बांधायचा. डिजिटल काट्यावर भांडं ठेवून आकडा शून्यावर आणतो, तीच गोष्ट. नातवाला हे सांगितलं, तर त्याला पासंग शब्दच फार आवडला.

हँगरवाली आई
काटा नसेल तर कपड्यांचा हँगर आणि दोन्ही टोकांना दह्याचे रिकामे डबे. वजनं म्हणून पितळी रंगाची, 2019 च्या आधीची पाच रुपयांची नाणी, प्रत्येकी 6 ग्रॅम. पहिल्याच दिवशी फजिती झाली, 100 ग्रॅमची साबणाची वडी 66 ग्रॅम भरली. लेकीने 11 नाणी मोजून 6 ने गुणलं होतं, पण डब्यात टाकली होती आजोबांच्या गल्ल्यातली जुनी, जाड, रुपेरी नाणी. ती 9 ग्रॅमची! पुन्हा गुणलं, 99. वडी हँगरवरून निसटून दोनदा पडली, तो भाग सोडा.

आजी, मल्हारगंज
दशमान वजनं नंतर आली, 1962 मध्ये सक्तीची झाली. त्याआधी शेर, 80 तोळ्यांचा, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. पण बाजारात अजून "पाव भर सेव" म्हणतात आणि 250 ग्रॅम देतात. नातीला "पावणेदोन किलो बटाटे" लिहायला सांगितलं, तिने 2.25 लिहिलं. तिला पावणे म्हणजे पाव जास्त वाटलं! पाव, पाऊण, सवा, दीड, अडीच हे शब्द आधी शिकवा, दशांश चिन्ह मग.

सराफ्याजवळचा
आजींशी अर्धाच सहमत. आमच्या मुलाला पाऊण-सवा येत होतं, तरी 2.5 किलो म्हणजे 2 किलो 5 ग्रॅम लिहायचा. त्याला रामबागवालींच्या खुर्च्याच लागल्या असत्या.

धागा सुरू करणारी
आभार! काल 3 किलो 40 बरोबर आलं. आता मिलिग्रॅमवर अडलोय. तापाच्या गोळीवर 500 मिलिग्रॅम वाचून त्याने दोन गोळ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या, 1 ग्रॅम येईल म्हणून. आकडा शून्यावरून हललाच नाही. काट्याला एवढं हलकं कळत नाही. आणि गोळीत औषधाशिवाय बांधायला इतर पदार्थही असतात, म्हणजे बारीक काटा मिळाला तरी 1 ग्रॅमपेक्षा जास्तच भरणार. हे त्याला सांगितल्यावर आता तो सराफ्यात सोन्याच्या काट्यावर गोळ्या तोलायच्या म्हणतोय. कुणाच्या ओळखीचा सराफ आहे का?