बाजारात नेलं की गणित आपोआप येतं म्हणे!

फोंड्याची_आई
काल पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट आली, फॉरवर्ड होत होत तुमच्याकडेही पोचली असेल. म्हणणं असं की प्राथमिकच्या पोरांकडून घरी गणितं करून घेणं म्हणजे छळ, वर्कशीटा रद्दीत घाला, मुलाला शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात न्या, नारळ मोजू दे, पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, पैसे देऊ दे, गणित आपोआप येतं. खाली बदामांचा नुसता पाऊस.

माझा मुलगा तिसरीत आहे. बाजारात एकदम पक्का, मासळीवालीच्या आधी सुटे किती परत यायचे ते सांगतो. आणि परवा ह्याच पठ्ठ्याने वहीत 502 वजा 178 बरोबर 476 लिहिलं. मी आधी ओरडले, मग नीट बघितलं तर काय, प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान काढलाय. आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, पाचातून एक गेला चार. वर कोण, खाली कोण, काही पत्ता नाही. एककाला उसने हवेत पण शेजारी शून्य बसलंय, मागायचे कोणाकडे हेच कळेना, म्हणून त्याने आपली सोय करून घेतली. ही चूक बाजारात कधी सापडली असती सांगा? शेवटी खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे बांधले, शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा-दहाचे दहा केले, त्यातला एक सोडून सुट्या दहा काड्या केल्या, मग रोज दोनच गणितं पण दोन्ही मधे शून्य असलेली. तेव्हा कुठे डोक्यात बसलं. ह्याला सराव म्हणतात आणि तो वहीतच होतो.

पर्वरीचा_बाप
ती पोस्ट माझी आहे. अर्धी वाचून अर्ध्याला उत्तर दिलंय तुम्ही. छापील पन्नास-पन्नास गणितांच्या वर्कशीटांबद्दल लिहिलं होतं मी. माझ्या मुलीच्या रोज संध्याकाळी वही उघडली की पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, आजीने दृष्ट काढून झाली. वही बंद केली तसं पोट गप्प. आणि पुरावा हवाच असेल तर 2015 साली शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी पहिली-दुसरीतल्या मुलांचा अभ्यास केला होता, ज्या आईबापांना स्वतःला गणिताची भीती वाटते ते होमवर्कला जास्त बसले की मुलं वर्षभरात कमी शिकतात आणि त्यांचीही भीती वाढते. तुम्ही 'आधी ओरडले' लिहिलंयत, त्यावरून काय ते समजलो.

फोंड्याची_आई
काय समजलात? मी बी.कॉम. आहे, मला आकड्यांची भीती नाही, अर्धवट ज्ञानाची आहे.

आसगावचा_पाव
भांडा पण एक वाचून भांडा. नोबेलवाले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरेंचा 2025 मध्ये 'नेचर' ह्या विज्ञानाच्या मासिकात पेपर आलाय. कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी फटाफट करतात, पण तीच बेरीज-वजाबाकी शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडतात. म्हणजे पर्वरीकरांचं 'आपोआप' गेलं.

पर्वरीचा_बाप
पुढचं सोयीस्कर विसरलात! त्याच पेपरात शाळेतल्या मुलांना बाजाराचा हिशोब दिला तर त्यांचीही दांडी गुल झालीय. मग तुमच्या वहीचा तरी काय उपयोग?

आसगावचा_पाव
म्हणूनच म्हणतो, दोन्ही पाहिजे. पण ते लिहिलं तर बदाम कसे मिळणार.

रिटायर्ड_मास्तर_सांखळी
ह्या सगळ्याचं मूळ एकच, पाढे सुटले. आम्ही तिन्हीसांजेला दिवा लावला की तीसपर्यंत पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे. चौथीतलं पोर दीड रुपयाला एक असे सतरा नग म्हटलं की साडेपंचवीस सांगायचं, कागद न घेता. आता अ‍ॅबॅकसच्या क्लासला फी भरतात आणि पोरं हवेत बोटं नाचवतात. माझ्याकडे एक यायचा, तीन आकडी बेरीज डोळे मिटून करायचा, आणि आठ मुलांना तीन-तीन लाडू दिले तर किती लाडू लागतील विचारलं तर म्हणतो सर, बेरीज करू की गुणाकार?

मडगाव_मिरची
मास्तर, पाढे कुठल्या भाषेत हो? माझी मुलगी शाळेत 'सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स' म्हणते, घरी आजी 'सात आठे छप्पन्न' घोकून घेते, पोर मधल्या मधे लटकलेलं. आजीने सत्तेचाळीस सांगितलं की 74 लिहून मोकळी, कारण सात आधी ऐकू येतो ना.

डिचोलकर
मग घाला की मराठी शाळेत! गावातली सरकारी शाळा पटसंख्येअभावी बंद पडली की फेसबुकवर रडायला सगळे पुढे. 1990 पासून गोव्यात सरकारी अनुदान फक्त कोंकणी-मराठी प्राथमिकला होतं. 2011 ला दिगंबर कामत सरकारने इंग्रजीलाही द्यायचं ठरवलं, रस्त्यावर उतरलो आम्ही, 2012 ला सरकार बदललं तरी इंग्रजीचं अनुदान चालूच राहिलं. आता पोराला सत्तेचाळीस कळत नाही म्हणून तक्रार कुणाकडे करता?

मडगाव_मिरची
आलात का अनुदानावर! मी पाढ्यांचं विचारलं होतं. आणि रस्त्यावर उतरलेल्या पुढाऱ्यांची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत ते पण लिहा की एकदा.

डिचोलकर
माझी दोन्ही मुलं मराठी प्राथमिकला होती. एक आज इंजिनियर आहे. पुढाऱ्यांचं मला विचारू नका.

आसगावचा_पाव
सत्तेचाळीसची अडचण मराठी शाळेतही आहे हां. म्हणून तर 2019 ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचनही दिलं, केवढा गदारोळ झाला होता महाराष्ट्रात.

रिटायर्ड_मास्तर_सांखळी
गदारोळ व्हायलाच हवा होता. उद्या छप्पन्नला पन्नास सहा म्हणाल.

मडगाव_मिरची
त्यांच्या पुस्तकात तेच होतं मास्तर 😂

डिचोलकर
हसा. भाषा गेली की हसायलाही इंग्रजीच लागेल.

पेडण्याची_सून
तुमचं माध्यम झालं असेल तर जरा घरातलं बोलू? आमच्याकडे खरी मारामारी हातच्याची आहे. शाळेत 52 वजा 27 असं शिकवतात की पाचातला एक दशक मोडा, पाचाचे चार करा, बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. सासूबाई शिकवतात बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर दोघांचंही 25. पण पोराने दोन्ही एकदम केलं, वरच्या पाचाचे चार पण केले आणि खालच्या दोनाचे तीन पण, उत्तर 15. शाळेने वहीत लाल शेरा मारला 'घरी लक्ष द्या'. लक्ष जास्त झालंय हो, त्याचंच तर दुखणं आहे! सासूबाईंना सांगायला गेले तर म्हणतात माझा मुलगा ह्याच रीतीने शिकला, बँकेत मॅनेजर झाला. आता ह्यावर काय बोलणार.

फोंड्याची_आई
अगदी अगदी. घरी बसायचं तर शाळेत जी रीत चालू आहे त्याच रीतीने, निदान ती पक्की होईपर्यंत. आजीची रीत चुकीची नाही, फक्त तिला पाचवीपर्यंत थांबायला सांगा.

रिटायर्ड_मास्तर_सांखळी
हातच्याची रीतच जलद. पण एका वेळी एक, हे मान्य. नाइलाजाने.

पर्वरीचा_बाप
बरं बाई, मुलीला आत्ताच 502 वजा 178 दिलं. तिने काय लिहिलं ते सांगणार नाही. पोस्ट एडिट करतोय, 'रद्दीत घाला'च्या जागी 'दोनच ठेवा' लिहितो, खूश? छापील पन्नासची वर्कशीट तरीही छळच आहे.

फोंड्याची_आई
त्यावर कोण भांडलं तुमच्याशी? आणि 476 लिहिलं असेल तर काड्या घ्या, ओरडू नका. 😌 ते जमलं की 1000 वजा 367 देऊन बघा, तिथे तीन शून्यं आहेत.

डिचोलकर
अनुदानाच्या मुद्द्यावर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.