पहिला सर्फबोर्ड: नऊ फुटी फोमचा की घरात मावेल तो?

लाटवेडा (गोरेगाव):
कर्नाटकातल्या मुळकीला चार दिवस सर्फिंग शिकून आलो. शेवटच्या दिवशी फेसाळ पाण्यात सात-आठ वेळा उभा राहिलो, तेव्हापासून स्वतःचा बोर्ड घ्यायचं डोक्यातून जात नाही. शिकवणारे म्हणाले, नऊ फुटी फोमचा घे. मी मात्र ६ फूट २ इंची फायबरचा घेणार आहे. लिफ्ट सात फूट उंच, घर वन बीएचके, गाडी छोटी. शिवाय टोकियो ऑलिंपिकला सगळे छोट्याच बोर्डांवर होते. शेवटी तिथंच यायचं असेल तर आधी मोठा घ्या, मग तो विका, हा उपद्व्याप कशाला? वजन ७८ किलो, पोहता बरं येतं.

ओहोटी:
लिफ्टच्या मापाने बोर्ड घेणारा माणूस पहिल्यांदाच पाहतोय.

फूट सोडा, लिटर बघा. ६ फूट २ इंची साधा शॉर्टबोर्ड तीसेक लिटरचा असतो. एक लिटर म्हणजे ढोबळमानाने एक किलो तोलायची ताकद, आणि तुम्ही ७८ किलोचे. पालथे झोपलात की बोर्ड छातीसकट पाण्याखाली. हात मारून मारून खांदे भरून येतील आणि लाट तुमच्या खालून निघून जाईल. नऊ फुटी फोमचा ८० लिटरच्या आसपास, त्यामुळे तो वर तरंगतो आणि लाट लवकर पकडतो. ऑलिंपिकवाल्यांना उभी, जोरदार लाट हवी असते. आपल्याकडे किनारा उथळ, लाट लांबून फुटत फुटत येते आणि जीव नसल्यासारखी ढकलते. त्या छोट्या बोर्डवर तुम्ही वर्षभर फक्त हात मारणार.

लाटवेडा:
लिटरचं पटलं. पण नऊ फूट ठेवू कुठे, ते कोणीच सांगत नाही. जिन्यात ठेवला तर सोसायटीची नोटीस येईल.

वसईचा खेकडा:
घेऊच नका. वसईजवळच्या राजोडी किनाऱ्यावर भाड्याच्या बोर्डवर पाच-दहा वेळा जा, मग बघा. पावसाळ्यात आपला समुद्र नवशिक्याचा नसतो, म्हणजे जून ते सप्टेंबर बोर्ड पडूनच. गच्चीवर उन्हात टाकला की वरचा थर सुटतो, फुगे येतात.

आणि जुना फायबरचा घेणार असाल तर माझ्यासारखं फसू नका. मी घेतलेल्याला बारीक तडा होता, त्यावर चिकटपट्टी मारून वर झकास स्टिकर लावलेला. दोन महिन्यांत आतला फोम पाणी प्यायला. उचलला की पाट्याचा दगड.

शिंपली:
खेकडादादा, भाड्याचं मला पटत नाही. दर वेळी वेगळा बोर्ड हातात येतो, मागच्या वेळी पाय कुठे टाकला होता ते पुन्हा पहिल्यापासून शोधा. स्वतःच्या बोर्डवर ती जागा अंगात मुरते.

पण फायबर नको, याला माझा शंभर टक्के पाठिंबा. पहिले काही महिने आपण पडतोच, आणि बोर्ड दोरीने पायाला बांधलेला असल्यामुळे उलटून आपल्याच अंगावर येतो. माझ्या मांडीवर कडक फिनची, म्हणजे बोर्डाखालच्या पात्याची, खूण अजून आहे. फोमचा, मऊ फिनचा आठ फुटी घ्या, बावीस इंच तरी रुंद. दोरी बोर्डाच्या लांबीएवढी. माझा छताला दोन आकडे मारून पाळण्यासारखा टांगलाय. सासूबाई आधी कुरकुरल्या, आता त्यावर कुरडया वाळत घालतात.

ओहोटी:
७८ किलोला आठ फुटी म्हणजे तडजोड आहे, पण सहा फुटीपेक्षा लाखपट बरी. जाडी तीन इंचांच्या वर बघा. लिटरचा आकडा बहुतेक बोर्डावर छापलेला असतो. नसला तर विक्रेत्याला विचारा, आणि "चालेल हो" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

वसईचा खेकडा:
भाड्यानेच जा म्हणतो मी. दिवाळीनंतर सगळे नवशिके बोर्ड विकायला काढतात, तेव्हा बघू.

लाटवेडा:
मंडपवाल्याकडून आठ फुटी बांबू आणून पाहिला. लिफ्टमध्ये तिरका मावला! वॉचमनकाका विचारत होते, गणपती यंदा लवकर आहेत का.

ओहोटी:
बांबूला बावीस इंच रुंदी नसते, साहेब. पुठ्ठा कापून न्या.