अनुभव धागा: जर्मनीतल्या तुर्की घरांमधला स्वयंपाक

नेकारकाठची

परवा श्टुटगार्टहून आलेल्या भाचीने शाकाहारी माउलटाशनचे (दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागातले सारण भरलेले कणकेचे तुकडे) पाकीट आणले आणि ते कसे खायचे यावरून घरात वाद झाला. पाकिटावर दोनच रीती दिल्या होत्या: रश्श्यात उकळावेत किंवा काप करून अंड्याबरोबर परतावेत. मला मात्र तिसरीच रीत ठाऊक होती, कारण श्टुटगार्टमध्ये असताना मी माउलटाशन पहिल्यांदा खाल्ले ते वरच्या मजल्यावरच्या तुर्की काकूंच्या घरी.

काकूंचे माहेर कायसेरीचे. तिथली मान्ती, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या पुड्या, इतकी बारीक असते की एका चमच्यात चाळीस मावायला हव्यात, असा दंडक सांगतात. त्यांचे यजमान मोटारींच्या कारखान्यात होते. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला, त्यानंतर आलेल्यांपैकी ते एक. काकू स्वतः पहाटेच्या पाळीला सफाईकामाला जात, तेव्हा चार बायकांनी मिळून अर्धा दिवस मान्ती वळत बसणे कुठून जमायचे? त्यांनी दुकानातली शेवयांच्या पिठाची तयार गुंडाळी आणायला सुरुवात केली. विकतच्या माउलटाशनमध्ये बहुधा डुकराचे मांस असते, म्हणून सारण घरचे: गाईचा खिमा, पालक, कांदा, भिजवून पिळलेला शिळा पाव, आणि खालच्या श्वाबी घरमालकिणीने शिकवलेले किसलेले जायफळ. सारण पसरून पोळी गुंडाळायची, लाकडी चमच्याच्या दांड्याने दाबून खुणा करायच्या आणि त्या खुणांवर कापायचे, हे सगळे अस्सल श्वाबी. मात्र उकळून ताटलीत आले की त्यावर लसणीचे दही आणि त्यावर लोण्यात फुललेली भरड लाल मिरची व सुका पुदिना. दही फ्रीजमधले गार चालत नसे; ते आधीच बाहेर काढून ठेवलेले असे.

तुमच्यापैकी जे तिकडे राहिले आहेत किंवा राहतात, त्यांनी आपापल्या शेजारातले अनुभव लिहावेत. डोनर कबाबवर पुष्कळ लिहून झाले आहे. इथे घरातले जेवण अपेक्षित आहे.

फिल्डरचा_कोबी

माउलटाशनवर दही हे माझ्या श्वाबी सहकाऱ्याला सांगितले असते तर त्याने मला जेवणाच्या टेबलावरून उठवले असते. आता मूळ मुद्दा. श्टुटगार्टच्या दक्षिणेला फिल्डर नावाचे पठार आहे आणि तिथला टोकदार कोबी प्रसिद्ध आहे. लाइनफेल्डन-एश्टरडिंगनला दर ऑक्टोबरात त्याची जत्राच भरते. जर्मन घरांत त्याचे मुख्यतः आंबवलेले साउरक्राउट होते. आमच्या इमारतीतल्या तुर्की आजींना हा कोबी सापडला तेव्हा त्यांनी गोल कोबीकडे पाठच फिरवली, असे त्यांची सून सांगत असे. याचे कारण पान हातात घेतल्यावर कळते. गोल कोबीच्या पानाची शीर जाड असते, ती तासावी लागते आणि तरीही वळताना पान फाटते. फिल्डरचे पान पातळ, लांबट आणि शिरेने नाजूक असते. आजी मिठाच्या उकळत्या पाण्यात अख्खा गड्डा बुडवून एकेक पान सुटेल तसे काढत. त्यात तांदूळ, थोडा खिमा, कांदा, मिरचीचा साल्चा (घट्ट तुर्की गर) आणि पुदिना घालून बोटाएवढ्या सुरळ्या वळायच्या, पातेल्यात दाटीने रचायच्या आणि वर एक ताटली उपडी ठेवून मंद आचेवर शिजवायच्या. श्वाबी क्राउटविकेल, म्हणजे तिकडच्या कोबीच्या सुरळ्या, मुठीएवढे मोठे असतात, त्यांत पाव आणि मांस असते आणि त्यांना डुकराच्या खारवलेल्या मांसाची जोड असते. आजींनी त्यांच्याकडून फक्त कोबी घेतला. आकार आणि सारण स्वतःचेच ठेवले. मधूनच त्या आंबवलेली अख्खी पाने आणत आणि मग लिंबाची गरज उरत नसे.

लिहिता लिहिता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, तेव्हा उरलेले नंतर लिहितो.

कोलोनकर

आमच्याकडे राइबेकूखन, म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली धिरडी. शेजारचे जर्मन कुटुंब त्याबरोबर सफरचंदाचा गोड गर खाते, समोरचे तुर्की कुटुंब लसणीचे दही घेते, आणि त्यांची मुले दोन्ही एकाच ताटलीत वाढून घेतात. मीही तेच करतो.

रूरची_माहेरवाशीण

माझे लग्नानंतरचे पहिले घर डुइसबुर्गजवळ होते. रूरच्या कोळसाखाणींत झोंगुलदाकहून आलेले बरेच खाणकामगार होते, कारण तुर्कस्तानातला दगडी कोळसा तिथलाच आणि खाणीची सवय त्यांना आधीपासून होती. सुरुवातीला पुरुष एकटेच वसतिगृहांत राहत आणि सामाईक शेगडीवर पाळीपाळीने रांधत. बायका-मुले पुष्कळांची नंतर आली. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना अजूनही घरातल्या बायकांपेक्षा स्वयंपाक चांगला येतो, आणि त्याचे मूळ त्या शेगडीत आहे.

त्यांनी शहराच्या कडेला भाड्याने बागेचा तुकडा घेतला होता. शेजारच्या तुकड्यात वेस्टफालियन गृहस्थ जाड घेवडा, म्हणजे ते लोक ज्याला डिके बोनन म्हणतात तो, लावत आणि डुकराच्या मांसाबरोबर शिजवत. आजोबा तोच घेवडा कोवळा असताना सालीसकट ऑलिव्हच्या तेलात शिजवत, वर शेपू पेरत आणि गार करून दह्याबरोबर खात. बी एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर जाई आणि बदल्यात बटाटे येत. पुढे त्या वेस्टफालियन बाईंनी आजोबांच्या घेवड्यात आपली बोननक्राउट ही वासाची पाने घालून पाहिली. आजोबांना ती आवडली, पण शेपू त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

स्पष्टवक्ता

सर्वांचे अनुभव वाचनीय आहेत, परंतु एक शंका मांडतो. यातले पुष्कळसे मला पाककलेचा मिलाफ वगैरे वाटत नाही. हवे ते मिळाले नाही, म्हणून मिळेल त्यात भागवले, एवढेच दिसते. आपणही परदेशात रिकोटाचे पेढे करतो, म्हणून त्याला कोणी इंडो-इटालियन म्हणत नाही.

नेकारकाठची

स्पष्टवक्ता, सुरुवात भागवण्यातूनच झाली हे तुमचे म्हणणे मान्य आहे. पण आता श्टुटगार्टच्या तुर्की दुकानांत गोठवलेली मान्ती सहज मिळते, तरीही काकूंची नात, जी स्वतः तिथेच जन्मली, शनिवारी माउलटाशनच करते आणि जायफळ घातल्याशिवाय तिला ते आपल्या घरचे वाटत नाही. अडचण संपल्यावरही जे टिकले, त्याला नुसती तडजोड म्हणणे मला पटत नाही. तुमच्या पेढ्यांचे मात्र तुम्ही म्हणता तेच खरे.

वरणफळ

डाळीचा विषय अजून कसा निघाला नाही? श्वाबेनमध्ये मसूर आणि श्पेत्स्ल, म्हणजे अंड्याच्या जाडसर शेवया, एकत्र वाढतात, बाजूला बारीक सॉसेजची जोडी, आणि मसुरात व्हिनेगर. अनातोलियातही घरी कापलेल्या अंड्याच्या शेवया, म्हणजे एरिश्ते, हिरव्या मसुरात शिजवतात. त्यामुळे या एका पदार्थासाठी कोणाला काही जमवून घ्यावेच लागले नाही. दोन्हीकडची डाळ आणि कणकेची सोयरीक आपल्या वरणफळांसारखी आधीपासूनच जुळलेली होती. माझ्या मैत्रिणीच्या सासरी सॉसेजऐवजी सुजुकचे, म्हणजे मसालेदार तुर्की सॉसेजचे, काप परततात, त्याची लालसर चरबी सुटली की त्यातच कांदा आणि साल्चा परतून मसूर ओततात, आणि श्पेत्स्ल मात्र लाकडी फळीवरून सुरीने खरवडूनच पाडतात. आंबटपणासाठी सासूबाईंना लिंबू हवे आणि सासऱ्यांना व्हिनेगर, म्हणून टेबलावर दोन्ही असते. सासूबाई तुर्की आहेत आणि सासरेही तुर्कीच आहेत, हे मुद्दाम नोंदवते!

फिल्डरचा_कोबी

सासऱ्यांनी कारखान्याच्या उपाहारगृहात बरीच वर्षे जेवण केले असणार.

वरणफळ

अगदी बरोबर ओळखलेत.

उत्तरेची_थंडी

ब्रेमेनला ग्र्युनकोल, म्हणजे कुरळ्या पानांची हिरवी भाजी, थंडी पडल्यावर खातात आणि तिच्याबरोबर पिंकेल नावाचे सॉसेज असते. आमच्या ओळखीचे एक कुटुंब मूळचे त्राब्झोनचे. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर याच भाजीची जवळची बहीण रोजच्या जेवणात असते. त्यांनी पिंकेल वगळले आणि त्याच पानांत मक्याचे पीठ व पांढरा घेवडा घालून घट्ट सार केले. अशा कुटुंबांत पाकिटावरचे घटक वाचणे हे स्वयंपाकाचेच एक अंग असते: ब्रेत्सेलमध्ये डुकराची चरबी असू शकते, मुलांच्या गोळ्यांत जिलेटीन असते. आम्ही शाकाहारी असल्यामुळे दुकानात मी आणि त्या बाई बरोबरीनेच वाचत उभ्या असायचो.

पुणेरी_खवय्या

माहिती उत्तम मिळाली, परंतु ती भरड तुर्की मिरची पुण्यात न मिळाल्यास काय वापरावे?

नेकारकाठची

ब्याडगी घ्या. बिया झटकून टाका, मिरच्या हलक्या गरम करून भरड कुटा, आणि कुटताना चिमूटभर मीठ व दोन थेंब तेल घाला, म्हणजे पूड उडत नाही. लोणे फार तापवू नका; फेस बसला की गॅस बंद करून मगच मिरची टाका, नाहीतर ती काळी पडते. पुदिना सर्वात शेवटी.

पुणेरी_खवय्या

लोण्याऐवजी साजूक तूप चालेल ना?

नेकारकाठची

चालेल, पण मग दह्यात मीठ थोडे वाढवा.