मुलांच्या हृदयविकार विभागात नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी कोणती शाखा घ्यावी?

प्रश्न:
मी अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका असून दोन वर्षे लहान मुलांच्या सर्वसाधारण वॉर्डात काम करते आहे. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांसाठी नर्स प्रॅक्टिशनर (पदव्युत्तर शिक्षण घेऊन रुग्णाची तपासणी, निदान व उपचार करणारी परिचारिका) व्हावे अशी इच्छा आहे; परंतु पदव्युत्तर शिक्षणात ‘प्रायमरी केअर’ (नेहमीच्या तपासण्या व उपचार) घ्यावे की ‘अ‍ॅक्यूट केअर’ (गंभीर आजारी रुग्णांची काळजी), याचा निर्णय होत नाही. हृदयरोगाची स्वतंत्र शाखा असते का?

प्रतिसाद 1:
नसते. नर्स प्रॅक्टिशनर हे पद 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केले तेच मुळी बालरुग्णांसाठी. पण पुढे शाखा पडल्या त्या मुख्यतः वयोगट आणि आजाराची तीव्रता यांनुसार, अवयवानुसार नव्हे. हृदयाचे बारकावे नोकरीतच शिकावे लागतात. शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात काम करायचे असेल, तर अ‍ॅक्यूट केअरच घ्यावे. मी प्रायमरी घेतले आणि पुढे त्यासाठी वेगळे प्रमाणपत्र करावे लागले, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही गेले.

प्रतिसाद 2:
वरील मताशी सहमत आहे, पण त्याआधी हृदयरुग्ण मुलांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून बदली मागावी, असे सुचवेन. एकच कार्यक्षम जवनिका (हृदयाचा रक्त बाहेर ढकलणारा खालचा कप्पा) असलेल्या बाळाची पहिली शस्त्रक्रिया झाल्यावर मॉनिटरवर रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण 80 टक्के दिसते. नवख्या परिचारिकेचा हात लगेच ऑक्सिजन वाढवण्याकडे जातो. माझाही गेला होता. वरिष्ठ सहकाऱ्यांनी तो थांबवला, कारण अशा बाळात 75 ते 85 हेच सहसा अपेक्षित प्रमाण असते आणि जास्त ऑक्सिजनने फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैलावून रक्त तिकडेच धावते, शरीराच्या वाट्याला कमी येते. हे पुस्तकात वाचले होतेच. पलंगाशेजारी ते आठवणे ही निराळी गोष्ट आहे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. बाह्यरुग्ण विभागातील कामाला मात्र प्रायमरी केअर पुरेसे ठरेल का?

प्रतिसाद 2:
काही ठिकाणी ठरते. तेथील कामही हलके नसते: दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात बाळ घरी असताना पालक रोज वजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण कळवतात, आणि दोन-तीन दिवस वजन अडले तर बाळाला बोलावून घ्यायचे की नाही, हे फोनवरच ठरवावे लागते. आपल्याला जिथे नोकरी हवी आहे, तेथील जाहिरातीत कोणते प्रमाणपत्र मागितले आहे ते प्रवेश घेण्यापूर्वी पाहावे.