५ वर्षांचा इन्शुरन्स आहे म्हणून निवांत होतो, आता गाडीवर फांदी पडली

कर्वेनगरवाला:
मंडळी जरा मदत करा. २०२१ च्या दसऱ्याला पल्सर १५० घेतली, शोरूमवाल्याने सांगितलं होतं ५ वर्षांचा इन्शुरन्स आहे, बघायचंच नाही. परवाच्या पावसात सोसायटीबाहेर लावलेली असताना गुलमोहराची फांदी पडली, टाकी चेपली, हेडलाइट फुटला. गॅरेजवाला ९४०० म्हणतोय. कंपनीला फोन केला तर म्हणे तुमची ओडी (ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) २०२२ लाच संपली. अहो पण पॉलिसीवर २०२६ लिहिलंय ना? फसवलं का मला? आणि आता नक्की कुठलं कव्हर घेऊ, टीपी, झिरो डेप, काय काय नावं आहेत, डोकं चालेना.

पेठेतला:
पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन तारखा असतात. त्यातली एकच वाचली तर कंपनीचा नाइलाज आहे.

क्लेमवाली_ताई:
टोमणे नंतर मारा हो 😄 बऱ्याच जणांचं हेच होतं. मी ९ वर्षं मोटर क्लेमचं काम केलंय. सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू व्हीलरला ५ वर्षांचं थर्ड पार्टी घ्यावंच लागतं, सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून. पण ते टीपी, म्हणजे तुझ्या गाडीने दुसऱ्याला लागलं किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं तर. स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर, झाड पडणं हे सगळं ओन डॅमेजमध्ये (ओडी) येतं आणि ते बहुतेक शोरूम पहिल्या एकाच वर्षाचं लावतात. तुझं ते २०२२ च्या दसऱ्याच्या आसपास संपलं, नंतर कोणी आठवण केली नाही. त्यामुळे हे ९४०० खिशातूनच जाणार, वाईट वाटतं पण खरं आहे.

आता पुढचं. तुझं टीपी अजून दीड वर्ष चालू आहे ना, मग सगळं पॅकेज परत घेऊ नकोस, नुसती स्टँडअलोन ओडी मिळते (२०१९ पासून), दुसऱ्या कंपनीची घेतली तरी चालते. गॅप पडलाय म्हणून आधी गाडीचं इन्स्पेक्शन करतील. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) विसर, पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू नाही केली की तो जातो.

झिरो डेप (पार्ट जुने झाले म्हणून क्लेममधून पैसे न कापणारं कव्हर) का घ्यायचं ते तुझ्याच बिलावर सांगते. समज टाकी ५२००, हेडलाइट सेट २४००, लेबर १८००. साध्या ओडीत ३ ते ४ वर्षांच्या गाडीला मेटलवर २५ टक्के कापतात आणि प्लास्टिकवर सरळ ५०. म्हणजे ३९०० + १२०० + १८००, त्यातून १०० रुपये कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधला आपण सोसायचाच भाग), हातात ६८००. झिरो डेप असतं तर ९३००. पण ते साधारण गाडी ५ वर्षांची होईपर्यंतच देतात, तुझ्याकडे फार वेळ नाही.

आणि आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) मुद्दाम कमी करून प्रीमियम वाचवू नकोस. गाडी चोरीला गेली तर तेवढेच मिळतात.

बुलेटभाऊ_हडपसर:
एवढं कशाला राव, टीपी असलं की पोलिस सोडतात, बाकी सगळा कंपन्यांचा धंदा. माझ्या मित्राचा क्लेम तर पीयूसी नाही म्हणून रिजेक्ट केला!

सिंहगडरोड_दादा:
भाऊ, नुसती पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, २०२० ला आयआरडीएआयनेच (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) स्पष्ट केलंय. मित्राला म्हणावं आधी कंपनीकडे लेखी तक्रार कर, महिनाभरात काही झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा, पुण्यातच ऑफिस आहे आणि फी लागत नाही.

बाकी धंदा वगैरे ठीक आहे पण जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत आमच्या पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. ओडी होती त्यांनाही सगळे पैसे मिळाले नाहीत, कारण अर्ध्या जणांनी पाणी उतरल्यावर लगेच स्टार्टर मारून बघितला. इंजिनात पाणी गेलेलं असताना चालू केलं की पुढचं नुकसान तुमच्यामुळे झालं असं धरतात, इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन नसेल तर विषय संपला. नदीकाठी किंवा बेसमेंटला गाडी लावणाऱ्याने ते घ्यावं. डोंगरावर राहणाऱ्याने कशाला घ्यायचं?

क्लेमवाली_ताई:
+१. आणि एक राहिलंच. टीपीच्या कागदावर सीपीए बघ, मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर. ते पण कित्येकदा एकाच वर्षाचं असतं. लायसन्स चालू हवं आणि ते फक्त मालकाला लागू, तुझी गाडी भाऊ चालवत असेल तर त्याला नाही. तुझी वेगळी १५ लाखांची पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी असेल तर हे नको. डबलसीट बसणाऱ्यासाठी मात्र वेगळं पीए जोडून घे, नुसत्या टीपीत मागचा माणूस थर्ड पार्टी धरत नाहीत, यावर कोर्टाचे निकाल आहेत. रोज बायकोला स्टेशनला सोडतोस ना?

कर्वेनगरवाला:
बाप रे, आत्ता काढून बघितलं, सीपीए पण २०२२ लाच संपलंय. आणि हो, रोज सोडतो. आज रात्रीच ओडी झिरो डेपसकट, सीपीए आणि मागच्याचं पीए असा कोट काढतो. इंजिन प्रोटेक्ट सोडतो, आमच्याकडे पाणी येत नाही. एकच विचारायचंय, गाडी अजून चेपलेलीच आहे, इन्स्पेक्शनला अशीच दाखवू का?

पेठेतला:
आधी दुरुस्त कर. नाहीतर हीच टाकी ते जुनं नुकसान म्हणून फोटोसकट लिहून ठेवतील आणि उद्या खरंच त्याच जागी काही लागलं तर भांडत बसशील. बिल जपून ठेव. आणि गाडी त्या झाडाखालून हलव.